सूर्येच्या काठी

आपल्या धर्मग्रामांतून निघणाऱ्या सहली ही आता नित्याची बाब झाली आहे. वाडीचे शिंपणे, भाजीच्या पाट्या आणि पहाटेची गाडी यांची घाई ज्यांच्या आयुष्यातून कधी सुटली नाही, त्या आमच्या वाडवडिलांना सहल हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांना सण ठाऊक होते, लग्ने ठाऊक होती आणि सप्टेंबरातली वांद्र्याची मोतमाउलीची यात्रा ठाऊक होती. यात्रेला जायचे ते नवस फेडायला, निदान मेणबत्ती लावायला. वाटेत समुद्र दिसला, जत्रेत पोरांसाठी पिपाणी घेतली, तर ते सगळे वरकड. केवळ पाणी पाहण्यासाठी आणि झाडाखाली आडवे होण्यासाठी गाडीभाडे खर्चून दूर जाणे त्यांना उधळपट्टीच वाटली असती. आजही आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या मनात सहलीला निघताना एक बारीकशी रुखरुख असते. परतताना ‘बरे झाले, गेलो’ असे जरा मोठ्यानेच म्हटले जाते, ते बहुधा तिला गप्प करण्यासाठी.

ही रुखरुख रास्त आहे काय? तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी त्यांनी वाळवंटातल्या तपस्व्यांच्या परंपरेतून आलेली एक गोष्ट दिली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काही जण दुखावले. योहानांनी त्यांच्यापैकी एकाला, जो धनुष्य घेऊन आला होता, एक बाण सोडायला सांगितले. मग दुसरा, मग तिसरा. असाच सारखा सोडत राहशील काय, असे विचारताच तो म्हणाला की तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, एवढे सांगून योहान थांबले. शरीराला झोप तशी मनाला खेळ-विनोदाची विश्रांती, आणि ती प्रमाणात घेणे हा सद्गुणच होय, हे अॅरिस्टॉटलचे मत अक्वायनस यांनी मान्य केले आहे. मात्र त्यांनी काही पथ्येही घातली आहेत. विरंगुळा अशोभनीय वा कोणाला इजा करणाऱ्या गोष्टीत शोधू नये, मनाचा तोल जाऊ देऊ नये, स्थळ, काळ आणि माणूस पाहून वागावे, अशी ती आहेत. तेव्हा सहल हे पाप नव्हे, हा निकाल कधीच लागलेला आहे, आणि त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

आम्हाला अडते ते त्या पहिल्या पथ्यापाशी. इजा करणारा विरंगुळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारू, गोंगाट, काठावर फोडलेल्या बाटल्या येतात. ते सोपे आहे. पण ज्या विरंगुळ्याने स्वतः कोणाला ओरखडाही काढला नाही, परंतु ज्या जागी तो मिळाला ती जागाच कोणाच्या तरी हानीतून घडलेली आहे, त्याचे काय करायचे? आणि ती हानी आपण केलेली नसून तिचा लाभ मात्र रोज आपल्या घरी येत असेल तर? हा प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो आम्हाला एका तळ्याच्या काठी, भरल्या पोटी भेटला.

राखेच्या बुधवारापूर्वीच्या शनिवारी आम्ही सहा मित्र धामणीच्या जलाशयावर गेलो होतो. शाळेपासूनची मैत्री, आता सगळ्यांनी साठी गाठलेली. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता, दोन शिक्षक, एक अजूनही वाडी करणारा, एक बँकेतून सुटलेला आणि आम्ही. उपवासकाळात सहल नको, म्हणून त्याआधीचा दिवस. महामार्गाने मनोर, मग चारोटी. डाव्या-उजव्या डोंगरांत महालक्ष्मीचा सुळका बराच वेळ सोबत करतो. चारोटीला महामार्ग सोडून कासामार्गे आत वळले की गाडीतले बोलणे आपोआप हळू होते. वसईपासून ८०-९० किलोमीटरांचा प्रवास, पण हवा निराळी, उजेड निराळा. पळसाला नुकती लाली चढू लागलेली, सागाची पाने करडी झालेली, कुंपणाशी मोहाचे जुने झाड. धरणाची भिंत टाळून आम्ही पाण्याच्या वरच्या अंगाला, एका उतारावर जागा धरली.

जलाशयाचे वर्णन करायचे तर फार विशेषणांची गरज नाही. सूर्या नदी जव्हारकडच्या डोंगरांतून येते, आणि इथे ती थांबवली गेल्यामुळे डोंगरांच्या बोटांमधून पाणी दूरवर शिरले आहे. फेब्रुवारीत ते अजून भरपूर असते. वारा पडला की समोरचा डोंगर पाण्यात उलटा उभा राहतो, आणि एखादा पाणकावळा बुडी मारून वर आला की क्षणभर तो डोंगर हलतो. एका वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. तो तासभर जागचा हलला नाही, आणि आम्हीही हललो नाही. सहा माणसे एकत्र असून तासभर कोणी बोलत नाही, ही गोष्ट आमच्या मंडळींत किती दुर्मीळ आहे हे आम्हाला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. आमच्यातल्या एकाची पत्नी गेल्या पावसाळ्यात देवाघरी गेली. त्या दिवशी तो पहिल्यांदा घोरत झोपला, असे त्याने नंतर स्वतःच हसत सांगितले. धनुष्याची दोरी सैल होणे म्हणजे काय, ते त्याच्याकडे पाहून समजत होते.

जेवण घरचेच. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा, सुक्या बोंबलांची चटणी, आणि वाडीवाल्याने आठवणीने आणलेली सुकेळी. राजेळी केळ्यांची ही उन्हात वाळवलेली सुकेळी आता वसईतही शोधावी लागतात. त्याची ओळखीची एक म्हातारी अजून करते, तेवढेच. पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन वसई रोडला सदनिकेत राहणाऱ्या बँकवाल्याच्या घरून नळाखाली भरून आणलेले. जेवताना अभियंत्याने पेला भरला, तो उजेडात धरला आणि म्हणाला, “गंमत बघा. हे पाणी इथलंच. इथून वसईला गेलं, आणि आज आपण गाडीत घालून परत आणलं.”

गंमत होती खरी. मग त्याला विचारल्यावाचून राहवले नाही, आणि एकदा अभियंत्याला त्याच्या धरणाविषयी विचारले की जेवण लांबते. सूर्या प्रकल्प १९७० आणि १९८०च्या दशकांत उभा राहिला तो मुख्यतः शेतीसाठी. धामणीला मोठे धरण, खाली कवडासचा बंधारा, तेथून निघालेले उजवा आणि डावा कालवा. डहाणू, पालघर, विक्रमगड या आदिवासी भागातली १४,००० हेक्टरांहून अधिक जमीन भिजवायची, ही त्यामागची कल्पना. ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली त्यांच्यासाठी वसाहती झाल्या, त्यांना हनुमाननगर, चंद्रनगर अशी शहरी थाटाची नावे मिळाली. पुढे तारापूरचे कारखाने, बोईसर, पालघर आणि आपली वसई-विरार यांची तहान वाढत गेली. आधी मासवणजवळ नदीतून पाणी उचलले जात होते. आता नव्या योजनेत कवडासहून उचललेले पाणी सूर्यानगरला शुद्ध होते आणि मेंढवण खिंड नि तुंगारेश्वरच्या डोंगरांतल्या बोगद्यांमधून खाली येते. ही योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरांची आहे. त्यातले १८५ वसई-विरारचे आणि उरलेले २१८ मीरा-भाईंदरचे. शेतीसाठी म्हणून योजलेल्या पाण्यातला मोठा हिस्सा असा शहरांकडे वळला, आणि त्याविरुद्ध इथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी वेळोवेळी मोर्चे काढले. ते आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचले असतील, किंवा नसतील.

“पण योजना चोख आहे,” तो म्हणाला. कामाचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा.

निघण्याची आवराआवर चालली असताना खालच्या पाड्यावरची एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन वर आली. मोळी उतरवून ती आमच्या सामानाकडे पाहत उभी राहिली. आम्हाला वाटले, उरलेल्या भाकऱ्या हव्या असतील. शिक्षक मित्राने विचारले, “काय पाहिजे, ताई?”

“दादा, ते डबे टाकून जाता का?” तिने पाण्याच्या कॅनकडे बोट दाखवले.

एक रिकामा झालाच होता; दुसऱ्यातले उरलेले पाणी वाडीवाल्याने झाडाच्या मुळाशी न ओतता तिच्या कळशीत ओतले आणि दोन्ही कॅन तिला दिले. पाड्यावर पाणी नाही का, असे आम्ही विचारले. समोर एवढे पाणी असताना हा प्रश्न विचारताना आमचा आम्हालाच आवाज विचित्र वाटला.

“आता हाये. होळी झाली का बोरिंग सुकतं. मंग लांबून आणायला लागतं.” एवढे सांगून ती कॅन उलटेसुलटे करून पाहू लागली, आणि मग तिने खरा मुद्दा काढला, “झाकणं कुठंत? झाकणं नसली तर चालताना सगळं सांडतं.”

झाकणे शोधण्यात आमची पाच मिनिटे गेली. एक गाडीच्या आसनाखाली सापडले, दुसरे वर्तमानपत्राच्या घडीत. ती दोन्ही घट्ट लावून, मोळीवर कॅन बांधून बाई निघून गेली. तिने आम्हाला काही सुनावले नाही, तक्रार केली नाही, आभारही फारसे मानले नाहीत. ‘धरण उशाला नि कोरड घशाला’ ही म्हण आपण भाषणांत इतकी वापरतो की ती आता कोणाला टोचत नाही. परंतु झाकणांची ती चौकशी आम्हाला सबंध परतीच्या वाटेवर पुरली.

गाडीत पहिला बोलला तो वाडीवाला. आपल्या वाचकांपैकी जे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांना १९८०च्या दशकाच्या अखेरची वसई आठवत असेल. नव्या इमारती उठत होत्या, त्यांना पाणी नव्हते, आणि पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींवर पंप बसवून टँकरवाले रात्रंदिवस पाणी ओढून नेत होते. समुद्र हाकेच्या अंतरावर. गोड पाणी उपसले गेले की खारे पाणी आत सरकते, हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागला नाही. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या तेव्हाच सगळ्यांना कळले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसई संरक्षण समितीने तेव्हा जे आंदोलन उभारले, त्याने एका पिढीला उभे राहायला शिकवले. फादर २०२४ साली गेले, पण त्या दिवसांच्या आठवणी घरोघरी आहेत. आमचा हा मित्र तेव्हा पंचविशीत होता. टँकर अडवायला रस्त्यावर बसलेल्यांत तो होता, आणि ही गोष्ट तो दर नाताळात एकदा तरी सांगतो. त्या दिवशी मात्र त्याने ती निराळ्या तऱ्हेने सांगितली.

“तेव्हा आपण काय म्हणत होतो आठवतं? आमच्या विहिरीला हात लावू नका, पाणी दुसरीकडून आणा. बरोबरच होतं ते. पण दुसरीकडून म्हणजे कुठून, हे कोणी विचारलं होतं? आज बघितलं, ते दुसरीकडे कुठंय ते.”

गाडीत काही वेळ कोणी बोलले नाही. मग अभियंता उसळला, आणि त्याचे म्हणणे आम्ही येथे पुरेपूर देतो, कारण ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. “तू पाणी पिणारा कोण समजतोस? बंगल्यातला शेठ? नालासोपाऱ्याच्या चाळीत पहाटे तीनला उठून हंडा भरणारी बाई तीच ना? तिचाही गाव कुठेतरी सुटलाय. २०११च्या जनगणनेत आपल्या महानगरपालिकेची वस्ती बारा लाखांवर होती. आज ती कितीतरी वाढलीय. त्यांना काय सांगू, दुसरीकडे जा? पुन्हा तेच दुसरीकडे!”

दोघांचेही खरे होते, आणि हीच तर या प्रश्नाची अडचण आहे. एका बाजूला लुटारू आणि दुसऱ्या बाजूला लुटलेला असे चित्र असते तर आपला विवेक एका क्षणात निवाडा देऊन मोकळा झाला असता. इथे तहानलेल्याचे पाणी तहानलेल्याकडे गेले आहे, आणि मध्ये आम्ही आहोत: ज्यांची तहान भागते, बागेलाही पाणी उरते, आणि वर्षातून एकदा त्याच पाण्याच्या काठी जाऊन जे सुखावतात.

कॅथलिक नीतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत प्रत्यर्पणाचा, म्हणजे घेतलेले परत करण्याचा, एक विस्तृत भाग असे. त्यात चोरापेक्षा अधिक बारकाईने विचार केला जाई तो एका निराळ्या माणसाचा: दुसऱ्याची वस्तू प्रामाणिक समजुतीने बाळगणाऱ्याचा. समजा, आपण बाजारात रास्त दाम देऊन घड्याळ घेतले आणि ते चोरीचे निघाले. जोवर आपल्याला ठाऊक नव्हते तोवर आपल्याकडे दोष नाही. त्या अजाणतेपणात जे वापरून संपले त्याबद्दलही आपण बांधील नाही, जेवढ्याने आपली खरोखर भर झाली तेवढे सोडून. पण ज्या दिवशी कळले त्या दिवशी ती प्रामाणिक समजूत संपली. घड्याळ तेच, मनगट तेच, वेळही तीच दाखवते. तरी आता ते बाळगणे ही निराळी कृती झाली.

हा दाखला आम्हाला पाण्याशी पुरता जुळतो असे वाटत नाही. पाणी घड्याळासारखे चोरीचे नाही. ते कायद्याने अडवले, कायद्याने वाटले, मोबदले दिले गेले, कागदोपत्री तरी. शिवाय नद्या कोणा एका पाड्याच्या मालकीच्या नसतात. सृष्टीतील वस्तू सर्वांसाठी आहेत ही शिकवण दोन्ही बाजूंनी लागू पडते: ती नालासोपाऱ्याच्या बाईचा हक्क जितका सांगते, तितकाच मोळीवालीचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले, तेव्हा त्यांनी शहर आणि पाडा असा भेद केलेला नाही. आणि तरीही त्या जुन्या पाठ्यपुस्तकातली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. कळण्यापूर्वीचा दिवस आणि कळल्यानंतरचा दिवस यांच्यात फरक पडतो. ‘दुसरीकडे’ या शब्दाला एकदा चेहरा मिळाला, त्या चेहऱ्याने झाकणे मागितली, की तो शब्द पूर्वीसारखा वापरता येत नाही.

मग काय, सहलीला जाऊ नये? आमच्या शिक्षक मित्राने असेच सुचवले. पुढच्या वर्षी तिथे नको, मन लागणार नाही. आम्हाला हे पटले नाही. न जाण्याने मोळीवालीच्या घरात एक पेलाही जास्त पाणी जात नाही, फक्त आमची नजर तिच्यापासून वाचते. ज्याला आपण संवेदनशीलता समजतो ती पुष्कळदा अशी सोईची असते. सरोवराकाठच्या विश्रांतीचा एक प्रसंग शुभवर्तमानात आहे. कामाने थकलेल्या शिष्यांना येशू एकांतात जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगतो. होडीने ते निघतात, आणि किनाऱ्याला लागतात तो गर्दी आधीच पायी धावत येऊन उभी असते. या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ होतात, बहुधा भाकरींच्या चमत्कारावर. आम्हाला त्यातली एक लहान गोष्ट महत्त्वाची वाटते. विसावा हवा होता ही शिष्यांची चूक होती, असे तिथे कोठेही सुचवलेले नाही. आणि लोक आले म्हणून होडी वळवून दुसऱ्या निर्जन काठाला नेली, असेही झाले नाही. गालीलचे ते सरोवर प्रेक्षणीय स्थळ होण्यापूर्वी मासे धरणाऱ्यांचे कामाचे ठिकाण होते; तिथे एकांत मागणाऱ्याला माणसे भेटणारच.

धामणीचे सौंदर्य खोटे आहे काय, हाही प्रश्न गाडीत निघाला. माणसाने भिंत घालून केलेले तळे, बुडालेल्या शेतांवर उभे. त्याला सृष्टीसौंदर्य कसे म्हणावे? येथे आम्ही ठामपणे म्हणतो की ते खोटे नाही. खंड्याला धरणाचा इतिहास ठाऊक नाही आणि त्याच्या निळ्या रंगात काही उणे पडत नाही. आमच्या विधुर मित्राला लागलेली झोपही खरी होती. सुखाला जर आपण प्रत्येक वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले तर माणूस कडवट होतो, आणि कडवट माणसाने शेजाऱ्याचे भले केल्याची उदाहरणे फार थोडी. मात्र पाहुणा आणि मालक यांत फरक आहे. पाहुण्याने ताटातले पोटभर जेवावे, पण ताट कोणी वाढले आणि वाढणारी स्वतः जेवली का, हे विचारायची आपल्याकडे रीत आहे. आम्ही तळ्याकाठी बसलो ते मालकासारखे, नळाचे देयक वेळेवर भरणाऱ्या ग्राहकासारखे. त्या देयकावर पाड्याचे नाव नसते.

आता हे ऋण मानले, तरी ते फेडायचे कोणाला आणि कसे? बँकवाल्याने लगेच वर्गणी सुचवली. पाड्यावर टाकी बसवून देऊ. सूचना चांगली आहे, आणि ती तडीस जावी अशी आमची इच्छा आहे. तरी टाकीत होळीनंतर पाणी कोठून यायचे, हे अभियंत्याने विचारलेच. कालव्यांची डागडुजी वेळेवर व्हावी, शेतीचा हिस्सा पुन्हा कापला जाऊ नये, काठच्या पाड्यांना नळ आधी मिळावेत, या मागण्या तिथले लोक करतातच. त्यांच्या निवेदनांवर खालच्या शहरातल्या, पाणी पिणाऱ्या माणसांच्या सह्या कधी असतात काय? वसईत मोर्चा काढण्याची विद्या आपल्याला येते. ती केवळ आपल्या विहिरीपुरतीच होती, असे पुढच्या पिढीने म्हणू नये, एवढे आम्हाला वाटते.

आणि एक गोष्ट अगदी घरामागची आहे. वाडीवाल्याच्या आगरात एक बावखल अजून शिल्लक आहे. आपल्या पूर्वजांनी वाडीला भर घालण्यासाठी माती उपसली, त्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साठवले, आणि त्या बावखलांनी समुद्राकाठच्या आपल्या विहिरी गोड ठेवल्या. जमिनीला भाव आला तशी कित्येक बावखले बुजली. त्यांच्यावर आता घरे आहेत, आणि त्या घरांना सूर्येचे नळ आहेत. अलीकडच्या वर्षांत काही गावांतल्या तरुणांनी उरलेली बावखले साफ करायला घेतली, ही समाधानाची बाब. वाडीवाल्याचे बावखल मात्र गाळाने निम्मे भरले आहे, आणि जलपर्णी माजली आहे. परतताना, विरारचा फाटा आला तेव्हा, त्याने एवढेच म्हटले, “वरून मागायचं ते मागू. पण आपलं साठवलेलं किती, ते आधी मोजू.”

अभियंत्याला मोजण्याचे काम मिळाले की तो भांडण विसरतो. पुढच्याच आठवड्यात तो फीत घेऊन आगरात हजर झाला. गाळ काढल्यावर बावखल ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर खोल भरेल, असा त्याचा अंदाज. म्हणजे १,८०० घनमीटर, १८ लाख लिटर. शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर छत्तीस माणसांचे वर्षभराचे पाणी. त्यातले किती उन्हाने उडेल आणि किती जमिनीत मुरून विहिरीला लागेल, हा वेगळा हिशेब, तो त्याने कागदाच्या मागच्या बाजूला केला. छत्तीस म्हणजे फार नाही, असे शिक्षक म्हणाला. छत्तीस म्हणजे आमची सगळी आळी, असे वाडीवाला म्हणाला.

पाड्यावरच्या टाकीसाठी बँकवाला पुन्हा एकदा धामणीला जाऊन यायचा आहे. जाताना झाकणांसकट आणखी सहा कॅन नेणार आहे. बावखलाचा गाळ पास्काचा सण झाल्यावर लगेच काढायचा, की पाणी आणखी उतरेपर्यंत मे महिन्याची वाट पाहायची, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.